जुनी भिंगे आणि नवे कॅमेरे : एका अंतराचा इतिहास

१९५४ साली वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्याने आपला 'एम-३' हा लायका कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा भिंग बसविण्याची जुनी आट्यांची पद्धत टाकून देऊन तिच्या जागी किंचित फिरवून अडकविण्याची नवी बैठक त्याने स्वीकारली. असा पालट करताना जुन्या गिऱ्हाइकांची सारी भिंगे निरुपयोगी व्हावयाची, हे उघड होते. परंतु रचनाकारांनी येथे एक बारीक गोष्ट साधली. जुन्या कॅमेऱ्यात भिंग ज्या धातूच्या कड्यावर टेके, त्या कड्यापासून फिल्मच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर होते. नव्या कॅमेऱ्यात ते २७.८ मिलिमीटर ठेवण्यात आले. ह्या एका मिलिमीटरच्या फरकात एक पातळ कडे नेमके बसे, आणि त्या कड्याच्या योगाने १९३१ पासूनची आट्यांची भिंगे नव्या कॅमेऱ्यावर पूर्ववत काम देऊ लागत. जुने भिंग व नवा कॅमेरा यांचा सांधा जुळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या साधनाला आज सर्वत्र 'अडॅप्टर' म्हणतात, त्याचे इतके विचारपूर्वक योजिलेले दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

२००८ नंतरच्या काळात हीच क्रिया जगभर फार मोठ्या प्रमाणावर घडू लागली. चाळीस, पन्नास, प्रसंगी ऐंशी वर्षांपूर्वी घडविलेली, हाताने फिरवून नाभी साधावयाची भिंगे अंकीय कॅमेऱ्यांवर चढविली जाऊ लागली. ह्याचे कारण विचारले असता सामान्यतः अभिरुचीचे उत्तर दिले जाते : नवी भिंगे निर्दोष असली तरी निर्जीव वाटतात, जुन्या भिंगांच्या चित्रांत काही एक 'स्वभाव' असतो, असे ते उत्तर होय. ते खोटे नाही. परंतु इतिहास म्हणून ते अपुरे आहे. अभिरुचीला वाव मिळण्यापूर्वी ही भिंगे नव्या कॅमेऱ्यावर बसणे शक्य व्हावे लागले, आणि ती सर्वसामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात, म्हणजे विपुल व स्वस्त, असावी लागली. ह्यांपैकी पहिली गोष्ट भूमितीची आहे. दुसरीचा उगम मात्र १९४५ नंतरच्या युरोपच्या राजकारणात शोधावा लागतो.

भूमितीचा भाग थोडक्यात असा. प्रत्येक कॅमेरा-पद्धतीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते; त्यास येथे 'बैठक-अंतर' म्हणू. भिंग त्याच अंतरासाठी घडविलेले असते. ते ठरल्यापेक्षा फिल्मच्या जवळ बसू शकत असेल, तर मधली जागा पोकळ नळीने भरून काढता येते. उलट कॅमेऱ्याचेच बैठक-अंतर मोठे असेल, तर भिंग ठरल्यापेक्षा दूर पडते व लांबच्या वस्तू कधीच स्पष्ट होत नाहीत; मध्ये आणखी एक सुधारक काच घातल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि अशी काच बहुधा मूळ भिंगाचे गुण नासवते. म्हणून जुळणीचा सारा इतिहास एकाच नियमात सामावतो : मोठ्या अंतराचे भिंग लहान अंतराच्या कॅमेऱ्यावर जाते, लहानाचे मोठ्यावर जात नाही.

आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर मोठेच असावे लागे. भिंगातून आलेले चित्र दर्शकाकडे वळविणारा आरसा फिल्मपुढे उभा असे व चित्र घेण्याच्या क्षणी वर उचलला जाई. त्याला हलावयास जागा हवी. त्यामुळे ड्रेस्डेनच्या एक्झाक्टाचे (१९३६) अंतर ४४.७ मिलिमीटर, तेथेच निघालेल्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या पद्धतीचे ४५.४६, निकॉन एफचे (१९५९) ४६.५, आणि कॅनन एफडीचे (१९७१) ४२ मिलिमीटर असे पडले. लायकासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना हे बंधन नव्हते. एका अर्थी अंकीय काळात जे घडले ते इतकेच, की आरसा पुन्हा नाहीसा झाला.

आट्यांचे माप सारखे असले म्हणजे भिंग बसलेच, अशी समजूत मात्र धोक्याची आहे, आणि तिचे एक बोधप्रद उदाहरण सोव्हिएत उद्योगात आढळते. खारकोव्ह येथे माकारेंकोने चालविलेल्या मुलांच्या वसाहतीत १९३४ साली लायकाची प्रतिकृती तयार होऊ लागली. झेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिला 'फेड' हे नाव देण्यात आले. आरंभीच्या फेड कॅमेऱ्यांत बैठक-अंतर काटेकोरपणे एकसारखे नसे. भिंग त्या त्या कॅमेऱ्यालाच जुळवून दिलेले असे, म्हणून एकाचे भिंग दुसऱ्यावर चढले तरी चित्र अस्पष्ट येई. पुढे मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने ह्याच घराण्यातील 'झोर्की' कॅमेऱ्यात आरसा बसवून १९५० च्या दशकाच्या आरंभी 'झेनिट' काढला. आटे लायकाचेच, ३९ मिलिमीटरचे, राहिले. परंतु आरशामुळे बैठक-अंतर सुमारे ४५.२ मिलिमीटर झाले. परिणामी झेनिटचे भिंग लायकावर सहज चढते, आणि त्यातून काहीही स्पष्ट दिसत नाही. ह्याहून सूक्ष्म फसगत अशी, की तेच भिंग पातळ कडे घालून ४२ मिलिमीटर आट्यांच्या कॅमेऱ्यावर बसविले तर फरक अवघा पाव मिलिमीटर राहतो. पाव मिलिमीटर म्हणजे नगण्य, असे कोणासही वाटेल. पण ५८ मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाचे गणित केले असता असे निघते, की सुमारे तेरा मीटरच्या पलीकडचे काहीच नीट नाभीत येत नाही. समोरच्या माणसाचे चित्र उत्तम येते, मागचा डोंगर मात्र कायमचा धूसर.

आता दुसऱ्या, म्हणजे विपुलतेच्या प्रश्नाकडे वळावयाचे. आज जुन्या भिंगांच्या बाजारात जी नावे पुनःपुन्हा आढळतात, ती पाहता त्यांतील बरीचशी एकाच मुळापासून निघालेली दिसतात, आणि ते मूळ म्हणजे जेना येथील कार्ल झाइसचा कारखाना.

१८९६ साली तेथे पाउल रूडॉल्फने 'प्लानार' नावाचे भिंग रचले. गणिती दृष्ट्या ते काळाच्या पुढे होते, परंतु व्यवहारात मागे पडले. कारण त्यात हवा व काच यांना विभागणारे आठ पृष्ठभाग होते. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार भाग प्रकाश परावर्तित होतो असे धरले, तरी आठ पृष्ठभाग ओलांडून केवळ ७२ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. उरलेल्याचा काही भाग आतल्या आत फिरून चित्रावर धुरकट पडदा पसरवतो, आणि खरे नुकसान तेच होय. १९३५ साली झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर परावर्तनरोधक लेप चढविण्याची कृती शोधली, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्याच दशकात विली मेर्टे याने प्लानारच्या वंशातीलच सहा काचांचे, चार गटांत बांधलेले ५८ मिलिमीटरचे 'बिओटार' आरशाच्या कॅमेऱ्यासाठी सिद्ध केले. लुडविग बेर्टेले याचे 'सोन्नार' ह्याच सुमाराचे; ते वेगळ्या मार्गाने, पृष्ठभागांची संख्याच कमी ठेवून, त्याच अडचणीवर मात करीत होते.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य जेनात शिरले. हा प्रदेश सोव्हिएत अंमलाखाली जाणार हे ठरलेले असल्यामुळे जूनमध्ये निघून जाताना अमेरिकनांनी कारखान्याचे ऐंशीच्या आसपास व्यवस्थापक व शास्त्रज्ञ आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेले; त्यांच्यातूनच १९४६ मध्ये ओबरकोखन येथे नवी कंपनी उभी राहिली. जुलैमध्ये सोव्हिएत सैन्य आले. ऑक्टोबर १९४६ मध्ये युद्धाच्या भरपाईदाखल जेनाची यंत्रसामग्री उचलण्यात आली आणि तज्ज्ञांनाही सोव्हिएत संघात हलविण्यात आले. 'कॉन्टॅक्स' कॅमेऱ्याची निर्मिती कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात गेली व १९४७ पासून तोच कॅमेरा 'किएव्ह' ह्या नावाने निघू लागला. सोन्नारची भिंगे प्रथम जर्मन काचेची बनली. तो साठा संपत येताच सोव्हिएत काचेच्या गुणधर्मांनुसार गणिते नव्याने मांडून 'जुपिटर' मालिका तयार झाली. बिओटारचे असेच 'हेलिओस-४४' झाले. त्याची निर्मिती क्रास्नोगोर्स्कखेरीज बेलारूसमधील व व्हाल्दाई येथील कारखान्यांतही दशकानुदशके चालू राहिली. झेनिट घेणाऱ्याला बहुधा हेच भिंग मिळे, त्यामुळे त्याची संख्या लक्षावधींच्या घरात गेली.

एकाच शोधाला अशा रीतीने तीन वारस लाभले : ओबरकोखन, जेना आणि क्रास्नोगोर्स्क. पहिल्या दोघांत नावावरून खटले उभे राहिले, आणि १९७१ च्या लंडन करारापर्यंत ते मिटले नाहीत. ह्या भांडणाच्या खुणा भिंगांच्या कड्यांवर अक्षरशः कोरलेल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत विकावयाच्या जेनाच्या भिंगांवर झाइसचे नाव घालता येईना, म्हणून नुसते 'जेनाहून' अशा अर्थाचे शब्द, आणि 'टेसार'च्या जागी 'टी', 'बिओटार'च्या जागी 'बी' एवढेच अक्षर कोरले जाई. उलट पूर्वेकडील देशांत ओबरकोखनची भिंगे 'ऑप्टॉन' ह्या नावाने जात. कॉन्टॅक्स नावाबद्दलही असाच वाद असल्यामुळे ड्रेस्डेनच्या पंचकोनी लोलकाच्या कॅमेऱ्याला 'पेंटाकॉन' हे जोडनाव घ्यावे लागले. बाजारात कोणी 'टी' अक्षराचे भिंग हलक्या प्रतीचे समजून कमी किंमत देतो, तेव्हा तो नकळत एका न्यायालयीन वादालाच काचेचा दोष मानीत असतो.

ड्रेस्डेनच्याच कॉन्टॅक्स-एस व प्राक्टिका ह्या १९४९ च्या कॅमेऱ्यांनी ४२ मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांची बैठक रूढ केली. ती सोपी होती, आणि कोणा एकाच्या मालकीची राहिली नाही. १९५७ साली जपानच्या असाही पेंटॅक्सने ती घेतली. मग इतर अनेकांनी. युद्धानंतर जर्मन पेटंटांचे संरक्षण बाहेरच्या देशांत उरले नव्हते, त्यामुळे लायकाच्या आट्यांचेही तसेच झाले होते. निकॉन, मिनोल्टा, कॅनन यांनी मात्र आपापल्या बंदिस्त बैठका निर्माण केल्या. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून नवी बैठक स्वीकारली तेव्हा बैठक-अंतर मुद्दाम ४५.४६ च ठेवले. वेट्झलारची एक मिलिमीटरची युक्ती येथे दुसऱ्या रूपात दिसते. कॅननने १९८७ साली स्वयंचलित नाभीसाठी ईएफ बैठक आणली, तेव्हा असा कोणताच सांधा ठेवला नाही. ४२ मिलिमीटरच्या एफडी भिंगांना ४४ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर स्थान उरले नाही. एफडी भिंगांचा संग्रह असणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय कठोरच होता. गंमत अशी, की ४४ हा आकडा ४५.४६ व ४६.५ ह्यांच्याहून लहान असल्यामुळे ह्याच कॅमेऱ्यावर पेंटॅक्सची आट्यांची, निकॉनची आणि ऑलिंपसची भिंगे कड्याच्या साह्याने बसत. घरच्यांना दार बंद आणि शेजाऱ्यांना उघडे, असा हा प्रकार होता.

१९८५ साली मिनोल्टाने कॅमेऱ्याच्या आतूनच चालणारी स्वयंचलित नाभी लोकप्रिय केल्यापासून हाताने चालवावयाच्या भिंगांची किंमत घसरतच गेली होती. पुढे फिल्मच मागे पडली आणि कपाटांत भिंगे साचली. २००४ मध्ये एप्सनच्या आर-डी १ ने व २००६ मध्ये लायका एम-८ ने लायकाच्या भिंगांना अंकीय जीवन दिले, पण हे कॅमेरे महाग व थोडे. खरा पालट २००८ साली पॅनासोनिक जी-१ ने झाला. त्यात आरसा नव्हता. बैठक-अंतर वीस मिलिमीटरहूनही किंचित कमी होते. २०१० च्या सोनी एनईएक्सचे अंतर १८ मिलिमीटर, २०१८ च्या निकॉन झेडचे १६ व कॅनन आरएफचे २०. एकाएकी ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी घडविलेल्या जवळजवळ सर्व भिंगांचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतराहून मोठे ठरले. लायका एमला ९.८ मिलिमीटरची, ४२ च्या आट्यांना २७.४६ मिलिमीटरची पोकळ नळी पुरू लागली. नळीत काच नाही, विद्युत नाही. ती कोणत्याही लहानशा कारखान्यात लेथवर कातता येते, आणि म्हणूनच ती इतकी स्वस्त झाली.

त्याबरोबरच नाभी साधण्याची पद्धत पालटली. आरशाच्या कॅमेऱ्यात काचेवरील चित्र डोळ्याने पारखावे लागे; स्वयंचलित नाभीच्या काळात ती काच चकचकीत करण्यात आली आणि हाताने नाभी साधणे जवळजवळ अशक्य झाले. आता पटलावर चित्राचा हवा तो भाग अनेक पट मोठा करून पाहता येतो आणि स्पष्ट कडा रंगाने अधोरेखित होतात. जुन्या भिंगाने आपल्या काळी जितका अचूक नेम साधला नसेल, तितका ते आज साधते. पण ह्या सोयीला एक अट होती. पॅनासोनिकचे संवेदक फिल्मच्या चौकटीच्या निम्म्या लांबीचे असल्यामुळे भिंगाच्या चित्राचा फक्त मधला भाग मिळे. हेलिओसची ख्याती ज्यावर आहे ती पार्श्वभूमीतील भोवऱ्यासारखी गरगर काठांवरच उमटते. तेथे तिरपे किरण भिंगाच्या नळीने अर्धवट छाटले जातात, प्रकाशाचे ठिपके वर्तुळाऐवजी बदामाच्या आकाराचे होतात आणि केंद्राभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. २०१३ साली सोनीच्या अल्फा-७ ने पूर्ण चौकटीचे संवेदक लहान बैठक-अंतराशी जोडले, तेव्हा हा काठ परत मिळाला. 'स्वभावा'ची चर्चा ह्यानंतरच जोराने सुरू झाली, हा कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. मेर्टेच्या दृष्टीने ती गरगर हा गुण नसून राहून गेलेला दोष होता.

फिल्म व संवेदक ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, ह्याचाही प्रत्यय काठांवरच येतो. फिल्मला किरण तिरपा आला काय नि सरळ आला काय, फारसा फरक पडत नसे. संवेदकापुढे काचेचे थर असतात आणि त्याचे सूक्ष्म खळगे सरळ येणाऱ्या प्रकाशाचीच अपेक्षा करतात. त्यामुळे लायका किंवा किएव्हसाठी रचलेली, मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेणारी रुंद कोनाची भिंगे कोपऱ्यांत चित्र फिसकटतात व रंग बिघडवतात. लायकाने स्वतःच्या संवेदकावरील सूक्ष्म भिंगे काठांकडे केंद्राच्या दिशेने सरकवून ह्यावर उपाय केला. आरशाला वाट देण्यासाठी मागे ढकललेली, पिएर आंजेनिओ याने १९५० मध्ये 'रेट्रोफोकस' ह्या नावाने पुढे आणलेल्या धाटणीची अवजड भिंगे मात्र आज अधिक चांगली वागतात. एके काळी नाइलाज म्हणून पत्करलेली रचना नव्या संवेदकाला नेमकी मानवली.

यांत्रिक बाजूनेही असाच उलटा क्रम दिसतो. हेलिओस ४४-२ चे छिद्र दोन कड्यांनी हाताने उघडमीट करावयाचे. त्याला कॅमेऱ्याकडून काहीच नको असते. त्यानंतरच्या 'स्वयंचलित' छिद्राच्या भिंगांना मागची खुंटी दाबून धरणारा अडॅप्टर लागतो, नाहीतर छिद्र सताड उघडे राहते. आणि १९८७ नंतरच्या ईएफ भिंगांत छिद्राचे कडेच नाही. विद्युतसंकेत मिळाल्याशिवाय ती जागची हलत नाहीत. १९६० चे भिंग आज १९९० च्या भिंगापेक्षा अधिक स्वतंत्र आहे.

अर्थात काळाने सर्वांना सारखे वागविलेले नाही. सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ सारख्या काही भिंगांत वक्रीभवन वाढविण्यासाठी थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. तिच्या किरणोत्सर्गाने काच हळूहळू पिवळी पडते. काही दिवस अतिनील प्रकाशात किंवा उन्हात ठेवल्यास रंग बराच उतरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याहून मोठा शत्रू म्हणजे बुरशी. तिची जाळी पुसता येते, परंतु तिच्या आम्लाने लेपावर व काचेवर पडलेले ओरखडे जात नाहीत, आणि कपाटात बंद राहिलेले भिंग वापरातल्या भिंगापेक्षा लवकर बळी पडते. पुनर्वापराने भिंगे वाचली ती अशी. त्याच पुनर्वापराने काहींची मोडतोडही झाली. बैठक कातून टाकणे, पुढची काच उलटी बसवून गरगर वाढविणे हे प्रकार सर्रास चालतात. अशा भिंगावरून मूळ रचनेचे काही अनुमान काढणे अर्थातच बाद होते.

वस्तूला साधन मानणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. सोव्हिएत भिंगांच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे पुष्कळदा निर्मितीचे वर्ष दाखवतात, आणि कारखान्याची खूण शेजारीच असते. एवढी स्पष्ट साक्ष जर्मन भिंगेही देत नाहीत. पण नाव कोरलेले कडे काढून दुसरे बसविणे हे घटकाभराचे काम आहे. फेड व झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून ते विकण्याचा धंदाच एके काळी चालला. म्हणून कड्यावरील अक्षरांची साक्ष काचेवरील लेपाचा रंग, आट्यांची कातण आणि बैठक-अंतराचे प्रत्यक्ष मोजमाप यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरू नये. अक्षरे पालटता येतात, अंतर पालटणे कठीण.

ह्या घराण्याच्या वंशावळीत अगदी अलीकडे एक अनपेक्षित नोंद झाली आहे. २०१८ साली क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने 'झेनिट एम' नावाचा अंकीय कॅमेरा जाहीर केला. त्याचे भिंग, ३५ मिलिमीटर एफ/१ चे 'झेनिटार', कारखान्याचे स्वतःचे आहे. कॅमेऱ्याचा सांगाडा मात्र वेट्झलारहून, लायकाकडून, रीतसर करार करून घेतलेला असून त्याचे बैठक-अंतर २७.८ मिलिमीटर आहे.